गल्लीबाहेरून आणलेली गोळी

१२ नोव्हेंबर

भिंगरी,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. राग अजून उतरलेला नाही. पुन्हा फोन करणार नाही असं म्हटलं होतं, तो शब्दही पाळते आहे. पत्राबद्दल आपलं काही बोलणं झालं नव्हतं.

कामाचं आहे म्हणून लिहिते. चार दिवस झाले, मला एकाचे दोन दिसतात. दुकानातल्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आठवतो ना? त्यातलं सगळ्यात वरचं मोठं अक्षर, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून त्याचाच जुळा भाऊ. डावा डोळा झाकला की एक, उजवा झाकला की एक, दोन्ही उघडे ठेवले की दोन. आधी वाटलं, नंबर बदलला असेल. जन्मभर लोकांचे डोळे तपासले, तर स्वतःचे तपासायला काय हरकत? केला नवा चष्मा. उपयोग शून्य. मग दोन चित्रं एकावर एक आणायला तिरक्या घासलेल्या काचा घालून दुसरा केला. तो सकाळी जमला आणि दुपारी पुन्हा दोन. आज तिसरा करते आहे. माझी खात्री झाली आहे की नंबर काढायच्या काचांची नवीन पेटीच सदोष निघाली. बडबडी म्हणते, "बाई, गिऱ्हाइकांपेक्षा तुमचेच चष्मे जास्त झाले की दुकानात!" बडबडी म्हणजे काउंटरवर नव्याने ठेवलेली बाई. चाळिशीची आहे, कामाला चोख, पण तोंडाला झाकण नाही.

बाकी ठीक. खोकला झाला होता, छातीत कफ साठला होता. गल्लीतल्या छातीच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आहेत. समोरच्या औषधवाल्याकडून आणल्या, घेते आहे, खोकला पळाला. डॉक्टरांनी विचारलं होतं, "आणखी काही चालू आहे का?" मी म्हटलं, "काही नाही." मी नेहमीच असं म्हणते, तुला ठाऊक आहे. आपली ती रोजची गोळी मी अजूनही शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणते. दोन बस बदलाव्या लागतात. तिथे मी कोण ते कुणाला माहीत नाही आणि ते मला फार बरं वाटतं. गोळी चुकवत नाही. म्हणून तर इतकी वर्षं एकदाही फिट आलेली नाही. मग जे आता येतच नाही, ते चारचौघांत सांगायचं कशाला?

पण तू सांगितलंस. लग्न ठरत होतं तेव्हा, तुझ्या सासरच्या माणसांसमोर, जेवता जेवता. मीठ मागावं इतक्या सहज म्हणालीस, "आईला फिटचा आजार आहे, रोज गोळी चालू असते." विहीणबाईंचा घास हातातच राहिला. मी पानावरून उठले, ते मला आजही चुकीचं वाटत नाही.

बाळ होणार म्हणून फोन केलास तेव्हा मी सगळं गिळलं होतं. हरखले होते मी. "मी येते सांभाळायला," म्हटलं, तर तू अट घातलीस. "ये. पण आधी तुझ्या दुकानात सांग. जिथे तू दिवसभर असतेस तिथेच कुणाला माहीत नसेल, तर इथे माझ्या बाळाजवळ तू खरं वागशील असं मी कसं धरून चालू?" स्वतःच्या आईला अट! मी फोन आपटला. आपटायलाच हवा होता.

आणि गंमत बघ. हे एकाचे दोन दिसण्याचं प्रकरण मोकळेपणाने ज्या एकाच माणसाशी बोलता येईल, तिच्याशीच माझं बोलणं बंद आहे.

उत्तराची अपेक्षा नाही. जावईबापूंना आशीर्वाद.

आई


१५ नोव्हेंबर

भिंगरी,

पेटी सदोष नाही. पुढच्या चौकातल्या चष्मेवाल्याकडे तपासायला पाठवली होती. काचांत काडीचा दोष नाही असा निरोप आला, वर हसल्याचाही निरोप आला. माझ्या धंद्यात माझं हसं होणं मला सहन होत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता नुसतं दिसण्याचं राहिलेलं नाही. चालताना तोल जातो. सरळ जायचं ठरवून मी फ्रेमांच्या मांडणीवर जाऊन आदळते. काल अख्खी रांग खाली आली. जीभ जड होते, मळमळतं, आणि भर दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. एका मास्तरांच्या चष्म्यात काचांचे मध्य बुबुळांसमोर यायला हवेत, ते चुकवले मी. ते परत आले आणि पायरी चढताना पडता पडता वाचलो म्हणाले. बिचारे ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. फुकट करून दिला दुसरा. तोसुद्धा बडबडीकडून मोजून घेतला, कारण मला पट्टीवरच्या रेघा दुप्पट दिसत होत्या.

गल्लीत काय पसरलंय माहीत आहे? मी पिते! किराणावाल्याने सकाळी मला फळीला धरून उभी पाहिलं आणि इतक्या मायेने विचारलं, "बाई, घरी सगळं ठीक आहे ना? एकटेपणाला माणूस काहीही करतो." मला कळलं त्याला काय म्हणायचंय ते. मी काय केलं असेल? नाही म्हटलं नाही. नुसती मान खाली घातली. दारुडी म्हणोत, चालेल. पिणारा माणूस सुधारतो असं तरी लोक धरून चालतात. फिट येणाऱ्या बाईच्या हातात आपला चष्मा कोण देईल?

पण डोकं अजून शाबूत आहे आणि मी विचार केला आहे. डोळ्यात दोष नाही, काचेत नाही, पेटीत नाही. मग राहिलं काय? ती गोळी. अंगाला जुनी झाली असणार. इतकी वर्षं घेतली, आता शरीर नको म्हणत असेल. खोकल्याच्या गोळीचा प्रश्न नाही, तिने तर गुण दिला. तेव्हा मी ठरवलंय, हातातली स्ट्रिप संपली की बंद. दोन बस बदलून नवीन आणायला जाणार नाही. तशीही मी या तोलात बसमध्ये चढू शकणार नाही.

आणि एक गोष्ट सुचली, ती तुला सांगायचीच होती. गोळीच नसेल, तर लोकांना सांगायचं काय उरतं? तुझी अट आपोआपच मिटली. महिनाभर बंद ठेवते, काही होत नाही हे दाखवते, आणि मग सरळ तुझ्याकडे येते. बाळ यायच्या आत सगळं निस्तरेल. मला ते बाळ हातात हवं आहे गं. बाकीचं सगळं मी रागाने लिहिते, हे एक रागाने नाही.

स्ट्रिपमध्ये थोड्याच राहिल्या आहेत.

आई


१९ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तू फोनवर सगळं ऐकलंस, तरी मधला भाग तुला माहीत नाही. तो लिहून काढते. अक्षर वेडंवाकडं आहे. एक डोळा झाकून लिहिते आहे.

माझं पहिलं पत्र तू उघडलंच नव्हतंस, दुसरं आल्यावर दोन्ही एकदम वाचलीस, असं जावईबापू म्हणाले. तेवढं चालायचं. मीही तुझं पाकीट आलं असतं तर दोन दिवस फळीवर ठेवलं असतं. आईवर गेली आहेस.

दुकानातला फोन बडबडीने उचलला. मी समोरच खुर्चीत होते. तिचा चेहरा बघितला. म्हटलं, झालं. मुलीने सांगून टाकलं. पहिल्यांदा सासरी, आता माझ्या दुकानात. बडबडी नुसतं "हो… हो… बरं…" करत होती. इतका वेळ ती दुसऱ्याला बोलू देते हेच मला नवीन. मग तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि तुझा आवाज आला. "आई, मी तिला काही सांगितलेलं नाही. फक्त म्हटलंय की तुला हाताला धरून औषधवाल्याकडे ने. काय सांगायचं ते तू ठरव. पण ती गोळी बंद करू नकोस. माझ्या बाळाची शपथ आहे तुला."

इतक्या महिन्यांनी ऐकलेला तुझा आवाज! मी रिसीव्हर बडबडीच्या हातात परत दिला.

बडबडीने दंडाला धरलं. रस्ता ओलांडायला केवढा वेळ लागला! मला दोन रस्ते दिसत होते आणि दोन्हींवरून गाड्या येत होत्या. औषधवाल्याकडे नेमकी रांग. किराणावाला होता, ते मास्तर होते, आणखी दोघी-तिघी. मला बघून सगळे बाजूला झाले. आजाऱ्याला देतात तशी वाट दिली, की पिणाऱ्याला देतात तशी, ते मी बघितलं नाही.

औषधवाला तुला आठवत असेल. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा, आणि चष्म्याची काडी दर दोन महिन्यांनी मोडून माझ्याकडे येणारा. मी खोकल्याच्या गोळ्या काउंटरवर ठेवल्या. त्याने नाव वाचलं, क्लॅरिथ्रोमायसिन. म्हणाला, "हे मीच दिलंय. याने एवढं व्हायला नको. सोबत आणखी काय घेता?"

"काही नाही," तोंडातून गेलंच. सवय.

"नक्की?"

दुसरी स्ट्रिप माझ्या मुठीत होती. एका बाजूला बडबडी, मागे किराणावाला. मी मनात म्हटलं, आता 'नाही' म्हटलं तर हा माणूस खोकल्याचं औषध परत करेल, मी घरी जाईन, ही स्ट्रिप संपेल आणि मग फिट येईल. कुठे येईल? काच घासायच्या यंत्रापाशी? जिन्यात? आणि त्यानंतर तू मला बाळाच्या आसपास का फिरकू द्यावंस? मीच देणार नाही तुझ्या जागी असते तर.

मूठ उघडली. "ही घेते," म्हटलं. "फिटसाठी. खूप वर्षं झाली." आवाज मोठाच निघाला. जीभ जड होती ना, हळू बोलताच येत नव्हतं.

त्याने चष्मा काढला, स्ट्रिप डोळ्यांना टेकवून वाचली. कार्बामाझेपिन. मग दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "बाई," म्हणाला, "तुमची ही रोजची गोळी शरीर रोजच्या रोज बाहेर टाकत असतं. ही खोकल्याची गोळी ते काम अडवते. तुम्ही नेहमीएवढीच घेताय, पण आत ती साठत चाललीय. एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, मळमळणं, झोप येणं, सगळं त्याचंच. मला माहीत असतं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही खोकल्याची मी दिलीच नसती."

मी म्हटलं, "मग फिटची बंद केली तर…"

"अजिबात नाही!" इतक्या जोरात ओरडला की मास्तर दचकले. "ती एकदम बंद केली तर फिट येईल, आणि एकामागून एकही येऊ शकतील. बदलायची असेल तर खोकल्याची. आणि तेही डॉक्टर सांगतील तसं. तुम्ही नाही, मीही नाही." तिथूनच त्याने माझ्याकडून नाव घेऊन आधी फिटची गोळी लिहून देणाऱ्या डोक्याच्या डॉक्टरांना फोन लावला, मग छातीच्या. डोक्याचे डॉक्टर म्हणाले, लगेच पाठवा, रक्त तपासायचंय, पुढचा डोस किती आणि कधी ते मी बघून सांगतो.

बडबडी रिक्षा बोलवायला धावली. औषधवाला मला म्हणाला, "इतक्या लांबून का आणत होतात? मी समोर बसलोय."

"तुम्हाला कळू नये म्हणून."

"बरं," म्हणाला. "आणि मी एका डोळ्याचा नंबर तुमच्याकडे काढला आणि दुसऱ्याचा त्या चौकातल्या चष्मेवाल्याकडे, तर माझा चष्मा कोण बनवणार?"

चष्म्याचं गणित शिकवत होता मला. मला! तेवढ्यात रांगेतला किराणावाला पुढे आला. "म्हणजे बाई, तुम्ही घेत नाही?" त्याचा चेहरा असा पडला होता की मला हसू आलं. दुकानात मांडून ठेवलेली सगळी सहानुभूती वाया गेली बिचाऱ्याची.

रक्तात गोळीचं प्रमाण खूप वाढलेलं निघालं. एक रात्र त्यांनी मला तिथेच ठेवलं. खोकल्याची गोळी बदलली, फिटची त्यांच्या हिशेबाने चालू आहे. आज तक्त्यावरच्या अक्षराचा जुळा भाऊ जरा फिकट झालाय.

आज आणखी काही लिहीत नाही. तू बडबडीला सांगितलं नव्हतंस, हे मी विसरणार नाही.

आई


२ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

एकाचं एकच दिसतं! माझा मूळचा जुना चष्माच बरोबर होता. नवीन केलेल्या तीन चष्म्यांचं काय करायचं ते सुचवशील तर बरं. बडबडी म्हणते, काचेच्या कपाटात मांडा आणि खाली लिहा, 'डोळ्यात दोष नसताना केलेले.'

तू विचारलंस, दुकानात सगळ्यांना कळल्यावर काय झालं. खरं तेच सांगते. एक बाई आपली ऑर्डर परत घेऊन गेल्या. म्हणाल्या, "राग मानू नका, पण मुलाच्या डोळ्याचा प्रश्न आहे." मला रडू आलं. मी तपासायच्या खोलीत जाऊन रडलेही. बाहेर आले तर मास्तर बसलेले, नातीला घेऊन. तिचा पहिला चष्मा करायचा होता. "तुमचा हात आता सरळ चालतोय ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "चालतोय." मग त्यांनी नातीला खुर्चीत बसवलं.

बडबडीची मला सगळ्यात धास्ती होती. ही गावभर करेल म्हणून तर मी तोंड शिवून होते. तिने गावभर केलंच! पण काय केलं ते ऐक. दवाखान्यात माझ्यासोबत बसली होती तेव्हा तिने नर्सला खोदून खोदून विचारून घेतलं, आणि आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाठ म्हणून दाखवते. "फिट आली तर माणसाला दाबून धरायचं नाही. तोंडात चमचा, बोट, काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची." काल एक गृहस्थ काडी दुरुस्त करायला आले होते, ते हे सगळं ऐकून घाम पुसत गेले. यंत्रावर मी बसले की ती आता समोर स्टूल टाकून बसते. मला चीड येते. पण परवा ती लवकर घरी गेली, तर ते रिकामं स्टूल बघून मीच काम पुढे ढकललं.

गोळी आता समोरूनच घेते. पहिल्या दिवशी औषधवाल्याने ती सगळ्यांसमोर काउंटरवर ठेवली आणि मी ती उचलून पर्समध्ये टाकली. एवढंच झालं. दोन बस बदलून ज्याच्यापासून पळत होते ते एवढंच होतं. त्याने मला तंबी दिली आहे, सर्दीचं असो, आम्लपित्ताचं असो की कुणी दिलेला झाडपाल्याचा काढा असो, त्याला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. आणि कुठल्याही डॉक्टरांनी "आणखी काही चालू आहे का?" विचारलं, तर खरं सांगायचं.

डोक्याच्या डॉक्टरांना मी बाळाचंही विचारलं. सरळ विचारलं, "मी नातवंडाला सांभाळू शकते का?" मला वाटलं होतं, चेहरा पाडतील. ते म्हणाले, "का नाही? खाली गादीवर बसून घ्या, कपडे बदला ते जमिनीवरच. एकटीने अंघोळ घालू नका, कडेवर घेऊन जिना उतरू नका. झोप मोडू नका, गोळी चुकवू नका. आणि घरातल्यांना माहीत असू द्या." अगदी तुझंच बोलणं. तुम्ही दोघांनी आधी ठरवलं होतं की काय असं वाटून मला त्यांचाही राग आला.

तर तुझी अट पुरी झाली. पण ती तुझ्यासाठी पुरी केली असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तिथे उभी असताना जीव वाचवायला बोलले. आता तू सांग. येऊ की नको? नको म्हणालीस तर वाईट वाटेल, खूप वाटेल, पण या वेळी फोन आपटणार नाही.

आई


२३ जानेवारी
तुझ्याच पुढच्या खोलीतून

प्रिय भिंगरी,

घरात असून पत्र लिहिते म्हणून हसशील. हस. तोंडाने बोलायला गेलं की आपण दोघी वाद घालतो, आणि हे मला वाद न घालता सांगायचंय.

'तिकीट काढ.' एवढंच आलं होतं तुझं उत्तर. मी ते इतक्यांदा वाचलं की बडबडी म्हणाली, "त्यात अजून काही उमटेल असं वाटतंय का बाई तुम्हाला?"

इथे येऊन दोन आठवडे झाले. तुझ्या नुकत्या जन्मलेल्या पोरीला मी मांडीवर घेतलं की तू काम सोडून दारात उभी राहायचीस. मला दिसायचं. तू पदराने भांडं पुसल्यासारखं करायचीस, पण भांडं कोरडं असायचं. विहीणबाई एकदा म्हणाल्या, "राहू दे गं, आई आहे ती." मी म्हटलं, "राहू दे, ती बघते ते बरोबर आहे." विहीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी वेगळीच कोणी बाई आहे. त्यानंतर त्यांनी मला स्वतःच्या बीपीच्या गोळ्या आणून दाखवल्या आणि विचारलं, यांच्यासोबत सांधेदुखीची चालते का. म्हटलं, तुमच्या औषधवाल्याला विचारा, आणि सगळ्या एकदम दाखवा.

आज विहीणबाई गोळ्या दाखवायला दवाखान्यात, जावईबापू कामावर, आणि बाळंतपणाची रजा असूनही तुला अचानक तासाभरासाठी ऑफिसात बोलावणं. तू पर्स घेतलीस, ठेवलीस, पुन्हा घेतलीस. मला वाटलं, आता सूचना सुरू होणार. गादीवरच बस, गोळी घेतलीस का, कडेवर घेऊ नकोस. मी उत्तरं तयार ठेवली होती, थोडी तिखटही. तू चप्पल घातलीस, पोरीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "येते गं." दार लागलं. जिन्यात तुझी पावलं एकदाही थांबली नाहीत. मी कान देऊन होते.

मग मी दार उघडलं आणि समोरच्यांची घंटी वाजवली. गादीवर झोपलेली पोर तिथूनही दिसत होती. समोरच्या बाई पीठ लागलेल्या हातांनीच आल्या. मी म्हटलं, "मी या घरातल्या सुनेची आई. मला फिटचा आजार आहे. गोळी वेळेवर चालू आहे, खूप वर्षांत आलेली नाही. पण घरात मी आणि बाळच आहोत. दार लोटून ठेवते. बाळ रडत राहिलं आणि माझा आवाज आला नाही, तर आत या. मला कुशीवर करा, पण आधी बाळाला उचला." त्या म्हणाल्या, "बरं. मी अधूनमधून डोकावते." आणि गेल्या पोळ्या लाटायला. तू सांगून गेली असशील असं वाटलं होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. सांगायचं की नाही, ते या वेळीही तू माझ्यावर सोडलं होतंस.

ती आता जागी झाली आहे. रडत नाही, नुसती बघते आहे. मी जमिनीवर बसले आहे, ती माझ्या मांडीत आहे, आणि एका हाताने लिहिते आहे. मला खूप बरं वाटतंय गं.

तू काम नीट आटपून ये. घाई करू नकोस.

आई